जिला दाखवायचं राहिलं

पौष लागला की पनवेलच्या बाजारात भांबुर्ड्याचा पाला येतो. खेड्यांतून आलेल्या बायका वालाच्या शेंगांच्या ढिगाशेजारी त्याच्या जुड्या मांडून बसतात. दिसायला अगदी सामान्य झुडूप, बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला कुणी न लावता उगवणारं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे, आणि वर्गात याला बेधडक तण म्हणत असे. पण आमच्याकडे पोपटी लावायची तर या तणावाचून भागत नाही. मडक्याच्या तळाशी हा पाला, वर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला. मडकं पालथं घालायचं, भोवती पेंढा नि काटक्या रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा एक थेंब घालायचा नाही. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात आणि पाल्याचा उग्र, किंचित कडवट वास त्यांच्यात मुरतो. थंडीत गरम शेंग दातांनी ओढून खाण्यासारखं सुख नाही.

गेली सात वर्षं मी त्या जुड्यांपासून दोन हात लांबून जाते. लोकांना वाटतं बाईंना धुराचा त्रास होतो, आणि मीही तसंच सांगते.

यंदा मी अशीच बाजारातून लांबून फिरून घरी आले, पिशवी ठेवते तोच दाराची घंटा वाजली. प्रांजली आली होती. आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीच्या महिला मंडळाची ही नवी सेक्रेटरी. ऑफिसातून घरी जाता जाता आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच.

"मॅडम, यंदाचं हळदीकुंकू आपण मोठं करतोय. नुसतं सोसायटीपुरतं नाही, अख्ख्या सेक्टरसाठी. समोरच्या मैदानात मोठा स्क्रीन लावायचा, आणि ती फिल्म दाखवायची. गर्भपातावरची. तुम्हीच दाखवली होती ना पूर्वी?"

"दाखवली होती."

"आता तिचं नवीन व्हर्जन आलंय. एकदम क्लिअर आहे. जेन्ट्सनाही बोलवायचं, मुलांनाही. सगळ्यांना कळायला पाहिजे ना, मॅडम? आणि उद्घाटन तुमच्या हस्ते."

मी तिला तिळाची वडी दिली आणि म्हटलं, दोन दिवस दे. ती हसून "ऑफ कोर्स" म्हणाली आणि गेली. दार लावताना माझा हात कडीवर गेला आणि तिथेच थांबला.

*

आमची सोसायटी तेव्हा नवी होती. मुंबईहून, पुण्याहून, साताऱ्याहून आलेली नोकरदार कुटुंबं. प्रत्येकाचं दार बंद आणि दाराबाहेर चपलांचं कपाट. अशात समोरच्या फ्लॅटमध्ये सुरेखा राहायला आली. गव्हाणची. सासरची भातशेती होती, थोडी मिठागरंही होती. जमीन गेली, तिच्या बदल्यात जे आलं त्यातून मुलींच्या शाळेसाठी इथे घर घेतलं. तिचा नवरा भरत दिवसभर बांधकामांच्या साइटवर असे. थोरली मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून सुरेखाही मला बाईच म्हणे.

पहिल्याच थंडीत तिने सोसायटीला पोपटी शिकवली. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत मडकं पालथं घातलं आणि साठ फ्लॅटमधल्या बायकांना खाली बोलावलं. मी पाला बघून म्हटलं, अगं हे तर तण!

"तुमी पुस्तकात बगून तन म्हनता," ती म्हणाली. "आमी त्याच्यावर जेवतो."

पालथ्या घड्यावर पाणी मी वर्गात तीस वर्षं ओतलं होतं. पालथ्या घड्याखाली जाळ कसा लावतात हे मात्र मला त्या दिवशी कळलं. शेंगा झाल्या की नाही हे पाहायला ती मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडे. चर्र असा नेमका आवाज आला की म्हणे, "आता काडा. आगुदर काडलं तर कच्चं, उशीर केला तर कोळसा."

त्या संध्याकाळी शेकोटीजवळ बसल्या बसल्या कुणाचं तरी तिच्या पायाकडे लक्ष गेलं. तिच्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून चांगलंच लांब होतं. तिथे जोडवं, त्यामुळे ते उठून दिसे. अशा बाईचा नवरा तिच्या मुठीत असतो, असं आपल्याकडे म्हणतातच. मग काय, बायकांना निमित्त मिळालं. "भरतभाऊंना विचारा, घरात कुणाचं चालतं!" सुरेखाने पाय लपवला नाही, उलट पुढे केला. "माज्या आयचं बी असंच व्हतं," ती म्हणाली. "दोनी पोरींनी बापाचे पाय घेतले, मेल्यांनी. माजं कुनीच घेतलं नाय."

हे वाक्य मला लक्षात राहायचं काही कारण नव्हतं. पण राहिलं.

*

आता त्या हळदीकुंकवाबद्दल.

माझा स्वभाव दाखवण्याचा. सांगून कळत नाही, दाखवल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, हा माझा वर्गातला खाक्या. जास्वंद उभी चिरून दाखव, बेडकाचं हृदय दाखव, फुप्फुसाचा तक्ता दाखव. मुलींनी डोळे मिटले तर मी म्हणे, "डोळे उघडा. विज्ञान डोळ्यांनी शिकतात." निवृत्त झाल्यावर ही खोड जाईल कुठे? सोसायटीच्या महिला मंडळाची मी अध्यक्ष झाले आणि मंडळाला वर्ग समजू लागले. विधवा बायकांनाही हळदीकुंकवाला बोलवायचं असा ठराव मी करून घेतला. त्याचा मला फार अभिमान होता. आपण पुढारलेल्या आहोत असं माणसाला एकदा वाटलं की त्याच्या हातून पुढच्या चुका अगदी सहज होतात.

मुली कमी होत चालल्याचं मी डोळ्यांनी पाहत होते. वर्गात बाकांवर दिसत होतं ते. तिसऱ्या खेपेला बाई दुसऱ्या गावी जाऊन 'तपासून' येते आणि आठवड्याने फिकट चेहऱ्याने घरी परतते, हेही ऐकून ठाऊक होतं. त्याचा मला संताप यायचा, आणि तो खरा होता. अशात एका ओळखीच्या गृहस्थांनी पेनड्राइव्ह दिला. कॉलेजांतून ते हा माहितीपट दाखवत. "बघवत नाही," ते म्हणाले, "पण बघायला पाहिजे." माझंच वाक्य मला कुणीतरी परत दिल्यासारखं झालं.

बायकांचा एक जुना रिवाज मला माहीत होता. वाण हातात पडलं की पाच मिनिटांत हॉल रिकामा होतो. आधी हळदीकुंकू आणि मग व्याख्यान ठेवलं तर व्याख्यात्यासमोर फक्त चटया उरतात. म्हणून मी क्रम उलटा केला. आधी कार्यक्रम, मग हळदीकुंकू, सगळ्यांत शेवटी वाण. संक्रांतीनंतरचा रविवार, दुपारचे चार. तळमजल्यावरच्या हॉलच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. भिंतीवर पांढरी चादर ताणली. चादर धरायला सुरेखाच स्टुलावर चढली होती. काळी साडी, मोगऱ्याचा गजरा, तोंडात टाचण्या. तिची उंची कमी, मागून दिसणार नाही, म्हणून मी तिला पहिल्या रांगेत बसवलं. बाहेर पोरं दाराच्या फटीतून डोकावत होती, म्हणून दाराला आतून कडी घातली.

चित्रपट बावीस मिनिटांचा होता. त्यात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. लिहायचं तर पुन्हा दाखवल्यासारखंच होईल. इतकंच सांगते की सुरुवात मुलींच्या घटत्या संख्येपासून झाली आणि पाच मिनिटांत तो विषय मागे पडला. मग फक्त चित्रं राहिली. जवळून घेतलेली, रंगीत. पोलादी तबक, त्यात जे होतं ते, आणि वरून एक घोगरा आवाज. त्या आवाजाला एकच शब्द येत होता, खून. मुलगी नको म्हणून आलेली बाई, जबरदस्ती झालेली पोर, रक्तस्राव थांबत नाही म्हणून मध्यरात्री आणलेली कुणी, सगळ्यांना तोच शब्द. तबकाकडे बघून कारण कळत नसतं. मी आधी एकटीने पाहिला तेव्हा हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी तेव्हा फक्त परिणाम किती होईल ते पाहत होते.

अर्ध्यावर पहिल्या रांगेतून कुणीतरी उठलं. चादरीवरचं चित्र क्षणभर एका काळ्या साडीवर पडलं. मागून कुणी ओरडलं, "अहो, खाली बसा ना!" मग दाराशी कडी खडखडली. मला वाटलं बाहेरची पोरं. अंधारातच मी माझ्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "कडी काढू नका! मुलं आत येतील!"

खडखड थांबली.

दिवे लागले तेव्हा सुरेखा दाराशी, आमच्याकडे पाठ करून उभी होती. उरलेली दहा मिनिटं ती तशीच उभी होती. चादरीकडे तिची पाठ होती, पण कान कुठे नेणार?

बायका रडत होत्या. कुणी पदराने डोळे पुसत होतं, कुणी म्हणत होतं, अशा बायकांना फाशी द्या. मी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन एकेकीपुढे जाऊ लागले. कार्यक्रम गाजला, हे मला कळत होतं. खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं. दाराशी आले. सुरेखाने कपाळ पुढे केलं. मी हळद लावली, कुंकू लावलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाली,

"तुमाला म्हाईत व्हतं ना, बाई?"

मग तिने हात वर करून कडी काढली आणि गेली. तिचं वाण माझ्या टेबलावरच राहिलं.

*

मला माहीत होतं. सोसायटीत फक्त मलाच माहीत होतं.

त्या हळदीकुंकवाच्या दीड वर्ष आधीची गोष्ट. सुरेखाला तिसऱ्या खेपेचे दिवस राहिले होते. पाचवा महिना पुरा होत होता. सोनोग्राफीत दिसलं की बाळाच्या डोक्याची कवटी तयारच झालेली नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, पुन्हा तपासलं, दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवलं. पूर्ण दिवस भरले असते तरी ते घटकाभराचं सोबती. दोघा डॉक्टरांच्या सह्या झाल्या. सगळं कायद्याला धरून होतं. तिला आई नव्हती, सासू गव्हाणला अंथरुणावर. भरत म्हणाला, "बाई, तुमी चला. मना आत जमायचं नाय." मी गेले.

कळा देऊन मोकळं करावं लागलं. म्हणजे बाळंतपणच, फक्त शेवटी रडण्याचा आवाज नाही. भरत जिन्यात बसला होता. सिस्टर कापडात काहीतरी घेऊन आली आणि हळू आवाजात विचारलं, "आईला बघायचंय का?"

मी म्हटलं, "नको, नको. झाकून ठेवा."

सुरेखाला कुणी विचारलंच नाही. तिच्या वतीने मी उत्तर दिलं, ताबडतोब. भरल्या वर्गात मूल अडखळलं की त्याचं वाक्य मी पुरं करून टाकत असे, तसंच. सिस्टर म्हणाली, मग नातेवाइकांपैकी कुणीतरी बघून घ्या, बघावं लागतं. म्हणून मी पाहिलं. परत वळले तेव्हा सुरेखाने चादरीतून हात बाहेर काढला होता. माझ्या दिशेने लांब केलेला. तिला तहान लागली असेल असं मला वाटलं. मी तिला घोट घोट पाणी पाजलं.

घरी आल्यावर तिने सगळ्यांना 'पडलं' म्हणून सांगितलं. मीही तेच सांगितलं.

आता कुणी विचारेल, हे सगळं ठाऊक असलेल्या बाईने तिला त्या चित्रपटापुढे बसवलंच कसं? याचं माझ्यापाशी एकच उत्तर आहे, आणि ते चांगलं नाही. माझ्या डोक्यात ती दोन वेगळी खाती होती. ते पाप करणाऱ्या बायका म्हणजे कुणीतरी दुसऱ्या, कुठल्या तरी लांबच्या तालुक्यातल्या. सुरेखाचं झालं ते आजारपण. चादर ताणताना, रांगा लावताना, तिला पुढे बसवताना ही दोन खाती एकदाही एकमेकांना भेटली नाहीत. वाईटपणाने केलं असतं तर निदान आठवण ठेवून तरी केलं असतं.

*

जिन्यात चपला घालताना कुजबुज सुरू झाली. "ती मधेच का उठली?" "दोन मुलीच आहेत ना तिला?" "मागे एक पडलं म्हणत होती..." "पडलं की..." पुढचं कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. बायकांना बोल लावत नाही. त्यांना संशय घ्यायला मीच बावीस मिनिटं शिकवलं होतं.

मी तिथेच होते, हातात करंडा घेऊन. मी म्हणू शकले असते की असं नाही. पण काय म्हणणार? खरं सांगायचं तर तिने जे झाकलं ते उघडं करायचं. नाही सांगायचं तर मुलीला मारणारी म्हणून तिचं नाव जिन्याजिन्यावर फिरू द्यायचं. गुपित तिचं होतं, मी मोडायचं नव्हतं, हे बरोबर. पण नुसतं "तोंड सांभाळून बोला" इतकं म्हणायला कुठल्या गुपिताची आडकाठी होती? तेवढंही मी म्हटलं नाही. करंड्याचं झाकण लावलं आणि आत गेले.

त्यानंतर तिच्याकडे हळदीकुंकवाला कुणी गेलं नाही. रथसप्तमीच्या आत उरकायचं असतं, एवढी घरं, राहून गेलं, अशी प्रत्येकीची सबब. तिने रांगोळी काढलेली मी समोरच्या दारातून पाहिली होती. मी गेले. तिने मला हळदीकुंकू लावलं, वाण दिलं, पाणी दिलं. बोलली नाही. उन्हाळ्यात मुलींच्या परीक्षा झाल्या आणि ती गव्हाणला परत गेली. नवीन घर बांधलं होतं तिकडे, हे कारण खरंच होतं. पण मुलींच्या शाळेसाठी आलेली बाई मुलींची शाळा अर्धी सोडून जात नाही.

हे एवढंच असतं तर बरं झालं असतं. मी स्वतःला चार शिव्या दिल्या असत्या, चित्रपटाला दहा, आणि विषय मिटला असता. पण तळमजल्यावरच्या एक काकू आहेत, त्या महिन्याभराने माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते. सुनेला तपासायला नेणार होतो. सगळं ठरलं होतं. तुमचा कार्यक्रम बघून आले आणि मुलाला म्हटलं, राहू दे." त्यांना नात झाली. ती आता सहा वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडलेत, आणि रोज संध्याकाळी माझी घंटा वाजवून पळून जाते. मी दार उघडून मोठ्याने रागावते, तिला तेच हवं असतं. तिच्याकडे बघून तो चित्रपट दाखवायलाच नको होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि समोरच्या दारावरची दुसऱ्याच नावाची पाटी बघून दाखवला ते बरं केलं असंही म्हणवत नाही. या दोन्ही गोष्टी माझ्या एकाच मजल्यावर, एकाच संध्याकाळी समोर येतात. त्यांची वजाबाकी मी पुष्कळदा करून पाहिली, ती होत नाही.

*

प्रांजली येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले आणि सात वर्षांनी पहिल्यांदा भांबुर्ड्याची जुडी विकत घेतली. मग रिक्षा केली आणि गव्हाणला गेले. फोन केला नाही. केला असता तर ती "या" म्हणाली असती, पण मग कदाचित मीच गेले नसते.

उलव्याच्या बाजूने उंच इमारती गावाच्या अंगावर आल्यासारख्या उभ्या आहेत. पूर्वी जिथे नुसते बगळे दिसत, तिथे आता डोक्यावरून विमानं जातात. पण घरामागे वालाचा एक तुकडा तिने राखला होता. ती तिथेच होती, टोपलीत शेंगा खुडत. केस कानाशी पांढरे झालेले. तिने मला पाहिलं, माझ्या हातातली जुडी पाहिली.

"बाई, गव्हानला भांबुर्डा घेवून आल्या?" ती म्हणाली. "हितं बांधावर फुकट उगवतो, इल्यानं कापून टाकाला लागतो."

मी हसले. तीही थोडी हसली. आत जाऊन तिळगूळ घेऊन आली, माझ्या हातावर ठेवला. गोड बोला म्हणाली नाही.

मुली कॉलेजात होत्या, भरत कामावर. ती मडकं भरू लागली आणि मी बाजूच्या दगडावर बसून सगळं सांगितलं. प्रांजली, मैदान, मोठा स्क्रीन. ती पाल्याचे थर लावत ऐकत होती. तिच्याकडून मला काय हवं होतं? नको म्हणून सांग, एवढंच बहुतेक. म्हणजे निर्णय तिचा आणि सुटका माझी.

"काकूंची नात केवडी झाली?" तिने मधेच विचारलं. तिला ते कसं कळलं होतं कोण जाणे.

"सहा वर्षांची."

"मंग दाखवा की." तिने मडक्याचं तोंड पाल्याने गच्च बंद केलं. "पन मैदानात नको, बाई. मैदानात समद्या खिडक्या येतात. जिला नाय बगायचं ती सोताच्या घरातून उठून कुटं जानार? आनी पोराटोरांना तर नकोच. हॉलात दाखवा. आगुदर सांगा, काय हाय त्यात, कुनाकुनाचं काय काय असतं ते बी सांगा. सगल्या बायका एका कारनानं जात नाय. आनी कडी नका लावू."

प्रांजलीला मी नंतर हेच सांगितलं, जवळजवळ याच शब्दांत. ती आधी खट्टू झाली, मग म्हणाली, "मॅडम, वाण आधी देऊन टाकू का? म्हणजे जिला जायचंय ती जाईल." मला हे सुचलं नव्हतं. यंदा वाण आधी दिलं जाईल. हॉल निम्मा रिकामा होईल, होऊ दे. जे सांगायचं ते मी दाराजवळ उभी राहून सांगणार आहे.

पण ते नंतरचं, तेव्हा मी अजून गव्हाणलाच होते. सुरेखाने मडकं पालथं घातलं, पेंढा रचला, काडी लावली. जाळ चढला. आम्ही दोघी धुराच्या उलट बाजूला बसलो. मी म्हटलं, "सुरेखा, माझं चुकलं. तुला तिथे बसवलं ते चुकलं, आणि जिन्यात गप्प राहिले ते त्याहून जास्त."

"जिन्याचं मी सोडलं," ती म्हणाली. "लोकं काय, बोलतात." काटकीने तिने जाळ सारखा केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक सांगू? त्या दिसापासून डोले मिटले का मना त्या पिच्चरमदलंच दिसतं. त्या ताटातलं. माज्या पोटचं म्हनून तेच दिसतं. कारन माजं तर मी बगितलंच नाय."

मी तिच्याकडे वळले.

"मी जागी व्हते, बाई. सिस्टरनं इचारलं ते मी ऐकलं. मी हात केला व्हता." तिने हात लांब केला, साडेआठ वर्षांपूर्वी केला होता अगदी तसा. "मी पानी नव्हतं मागितलं."

साठ बायकांना मी डोळे उघडा म्हटलं होतं. जिने बघू द्या म्हणून हात पुढे केला, तिला मी पाणी पाजून निजवलं. तिच्या डोळ्यांपुढची ती जागा मी रिकामी ठेवली आणि मग परक्या तबकातलं चित्र आणून मीच तिथे टांगलं. मला रडू आलं. तिने मला रडू दिलं, समजूत घातली नाही.

"तुमी बगितलंत," ती म्हणाली. "आता मना सांगा."

"सुरेखा, ते..."

"पोरगा का पोरगी ते नका सांगू. ते समद्यांना पायजे असतं. मना नको. डोक्याचं बी नको, ते डॉक्टरांनी सांगितलंय. हात कसे व्हते?"

मी डोळे मिटले. इतकी वर्षं जे आठवायचं टाळत आले होते ते आश्चर्य वाटावं इतकं स्वच्छ दिसलं. मी सांगू लागले. वर्गात सांगत असे तसं नाही. अडखळत, मागेपुढे करत. सिस्टरने डोक्याला भुवयांपर्यंत पांढरं कापड गुंडाळलं होतं, नीट, टोपडं घालावं तसं. ओठ मिटलेले. हात छातीवर. बोटं दहाही होती, ती मी मोजली होती. मूठ अर्धी उघडी. नखांच्या जागी नुसत्या रेघा.

"आनी पाय?"

"पाय एकावर एक होते." शेकोटीजवळची ती जुनी संध्याकाळ, बायकांचं हसणं, तिने पुढे केलेला पाय, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. तेव्हाही, त्या इस्पितळात, तीच संध्याकाळ मला आठवली होती, आणि मी चटकन कापड ओढून घेतलं होतं. "अंगठ्याशेजारचं बोट... अंगठ्याहून लांब होतं. दोन्ही पायांचं."

सुरेखाने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. जोडव्यावर राख उडून बसली होती. तिने ती अंगठ्याने पुसली आणि ते बोट तसंच धरून ठेवलं.

"म्हंजे माज्यावर गेलं व्हतं," ती म्हणाली.

जाळ खाली बसत आला होता. तिने तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि मडक्यावर चार थेंब शिंपडले. आम्ही दोघी कान देऊन बसलो.